मम्मो आणि पेटीतली पत्रे

छत्रपती संभाजीनगरात रमजानच्या संध्याकाळी मगरिबची अजान होते, रोजेदार खजूर तोंडात टाकतात. त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने कराचीत सूर्य मावळतो. पण पाकिस्तानचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा नेमके अर्धा तास मागे आहे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत दोन्ही शहरांत भिंतीवरच्या घड्याळात इफ्तारची वेळ जवळपास एकच दिसते. इकडे साडेसहा वाजून गेलेले असतात, तिकडेही साडेसहा वाजून गेलेले असतात.

या शहरातल्या काही घरांना हा हिशेब पाठ आहे. कुणाची फूफी म्हणजे आत्या तिकडे आहे, कुणाचे मामू, कुणाच्या चाचांची मुले. इफ्तार उरकून लगेच फोन लावला तर पलीकडे अजून दस्तरखान अंथरलेले असते. म्हणून अर्धा तास थांबायचे, मग फोन लावायचा. दोन-चार मिनिटे खुशाली, कोण आजारी आहे, कुणाचे लग्न ठरले, दुआ करा, खुदा हाफिज. मग पुढच्या जुम्यापर्यंत शांतता.

इस्लाममध्ये याला ‘सिला-रहमी’ म्हणतात. रक्ताचे नाते जोडून ठेवणे, असा त्याचा सरळ अर्थ. कुराणात आणि हदीसमध्ये या कर्तव्यावर पुन्हा पुन्हा भर दिला आहे. गरजू नातेवाइकाला दिलेल्या दानाचे पुण्य दुहेरी मानले जाते, कारण त्यात दान आहे आणि नाते जपणेही आहे. रमजानमध्ये जकात काढताना आधी आपल्या नात्यात कोणी अडचणीत आहे का, हे पाहण्याची पद्धत त्यातूनच आली. आपल्याशी चांगले वागणाऱ्याशी चांगले वागणे एवढ्याने ही जबाबदारी पुरी होत नाही. तुटू पाहणारे नाते पुढे होऊन सांधणे, हेच खरे नाते जपणे.

पण नाते जोडणाऱ्या दोघांच्या मध्ये देशाची सीमा असेल तर? या प्रश्नाभोवती ३० वर्षांपूर्वी मुंबईत एक चित्रपट घडला. त्याचे नाव ‘मम्मो’.

मेल्यावर मिळालेले घर

श्याम बेनेगल यांचा ‘मम्मो’ १९९४ सालचा. कथा पत्रकार आणि समीक्षक खालिद मोहम्मद यांची, आणि ती त्यांच्याच घरातली. त्यांच्या आजीच्या बहिणीवर ती बेतलेली आहे. फरीदा जलाल यांनी मम्मोची, तर सुरेखा सिक्री यांनी तिची बहीण फय्याजी हिची भूमिका केली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि सुरेखा सिक्री यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘सरदारी बेगम’ आणि ‘जुबैदा’ आले आणि या तिघांची त्रयी झाली.

गोष्ट साधी आहे. महमूदा बेगम ऊर्फ मम्मो ही पानिपतच्या तीन बहिणींपैकी एक. तिचे सासर लाहोरचे. फाळणी झाली आणि ती बसल्या जागी पाकिस्तानी झाली. मूलबाळ नाही. नवरा होता तोवर संसार सुखाचा होता. तो गेल्यावर सासरच्यांनी मालमत्तेवरून तिला घराबाहेर काढले. आता जायचे कुठे? उरलेले रक्ताचे नाते मुंबईत. ती बहिणीकडे येते. फय्याजीच्या छोट्याशा घरात तिचा १३ वर्षांचा नातू रियाजही राहतो. हा मुलगा आधी या अखंड बोलणाऱ्या, प्रत्येक गोष्टीत लक्ष घालणाऱ्या आजीवर वैतागतो आणि हळूहळू तिचा होऊन जातो.

पण मम्मो तात्पुरत्या व्हिसावर आलेली असते. मुदत वाढवायची तर दर महिन्याला आजारपणाचे कारण द्यायचे आणि पोलिसांपुढे उभे राहायचे. कायमच्या परवान्याच्या आशेने एका अधिकाऱ्याला पैसे चारले जातात. मग अधिकारी बदलतो. नव्या अधिकाऱ्याला कागद अपुरे दिसतात. मम्मोला घरातून उचलून मुंबई सेंट्रलला फ्रंटियर मेलमध्ये बसवले जाते आणि सीमेपलीकडे पाठवले जाते. फय्याजी आणि रियाज जिवाचा आटापिटा करतात, उपयोग होत नाही.

२० वर्षे जातात. रियाज मोठा होतो, लेखक होतो. एक दिवस दारात मम्मो उभी. या वेळी परत पाठवले जाऊ नये म्हणून घरात एक युक्ती ठरते. तिच्या मृत्यूचा दाखला मिळवायचा. सरकारदरबारी मम्मो मेली की तिला देशाबाहेर कोण काढणार?

प्रेक्षक हसतो आणि हसता हसता थबकतो. जिवंत मम्मोला जे घर मिळाले नाही, ते मेलेल्या मम्मोला मिळाले. या चित्रपटात खलनायक नाही. अधिकारी आपले काम करतो, कायदा आपले काम करतो. दोन म्हाताऱ्या बहिणींना एका छताखाली राहायचे आहे, एवढीच मागणी आहे आणि ती नोंदवायला कुठल्याही अर्जात रकाना नाही.

रेघ ओढली एकदा, नाते तुटले हप्त्याहप्त्याने

१९४७ च्या ऑगस्टमध्ये सीमा आखली गेली आणि दोन्हीकडची माणसे एका रात्रीत तुटली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तसे झाले नाही. सुरुवातीला लोक येत-जात होते. अनेकांना वाटत होते की, दंगे शमतील आणि सारे पूर्ववत होईल. घरातला एक भाऊ नोकरीसाठी कराचीला जायचा आणि बाकीचे इथेच राहायचे. तो गेला तेव्हा ‘परदेशी’ गेला, असे कुणाला वाटले नव्हते.

दार बंद झाले ते कागदांनी, एकेक करून. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. १९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या सातव्या कलमाने ठरवले की, १ मार्च १९४७ नंतर भारतातून पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नाही. कायमच्या परतीचा परवाना घेऊन परतलेल्यांचा तेवढा अपवाद होता. त्याच वर्षी निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा आला आणि निघून गेलेल्यांची घरे-जमिनी सरकारी ‘कस्टोडियन’च्या ताब्यात जाण्याची व्यवस्था पक्की झाली. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन देशांत पासपोर्ट आणि व्हिसाची पद्धत सुरू झाली. १९६५ च्या युद्धात राजस्थानातल्या मुनाबाव आणि सिंधमधल्या खोखरापारदरम्यानची रेल्वे थांबली, ती सुरू व्हायला २००६ उजाडले.

एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’मध्ये या कागदांचेच नाटक आहे. इस्मत चुगताई यांच्या कथेवर कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी पटकथा लिहिली. आग्र्याचा जोडे बनवणारा सलीम मिर्झा (बलराज साहनी) देश सोडायला तयार नाही. पण हवेली निघून गेलेल्या भावाच्या नावावर आहे, म्हणून ती हातची जाते. हवेलीचा नकाशा कराचीच्या भावाला पाठवला, म्हणून त्याच्यावर हेरगिरीचा संशय येतो. म्हातारी आई हवेली सोडायची वेळ आल्यावर लाकडांच्या कोठीत जाऊन लपते. सलीम मिर्झा ‘जाऊ की राहू’ या प्रश्नाशी झगडतो. मम्मोचा प्रश्न पुढचा आहे. जी गेली, तिला परत यायचे असेल तर?

औरंगाबादला फाळणी उशिरा पोहोचली

आग्रा, पानिपत, लाहोर ही झाली उत्तरेकडची गावे. मराठवाड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला औरंगाबाद स्वतंत्र भारतात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याची कारवाई झाली, तिला लोक आजही ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. निजामाची राजवट आणि रझाकारांचे अत्याचार संपले. मराठवाडा दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, तो यासाठी. या लढ्यात हिंदूंबरोबर मुस्लिम कार्यकर्ते आणि पत्रकारही होते. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला होता.

पण त्या सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत सुडाची लाटही उसळली आणि रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेली कुटुंबे तिच्यात सापडली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने या भागाचा दौरा करून सरकारला अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांची अवस्था सर्वांत वाईट असल्याचे त्यात नोंदवले होते. कितीतरी वर्षे तो अहवाल लोकांसमोर आला नाही.

म्हणजे उत्तरेला फाळणी १९४७ मध्ये भोगावी लागली, मराठवाड्याला ती १३ महिने उशिरा आली, आणि वेगळ्या रूपात आली. इथे रॅडक्लिफची रेघ नव्हती, जवळपास सीमाही नव्हती. होती ती गेलेली सरकारी नोकरी, बदललेली कामकाजाची भाषा आणि मनात बसलेली भीती. निजामाच्या कचेऱ्यांत उर्दूत काम केलेल्या माणसाला अचानक आपले शिक्षण निरुपयोगी वाटू लागले. त्यातले काही हैदराबादला गेले, काही मुंबईला. काहींनी मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठले, पुढे मुंबई आणि तिथून बोटीने कराची. काही राजस्थानच्या वाळवंटातून खोखरापारमार्गे गेले.

कराचीत आजही ‘हैदराबाद कॉलनी’ नावाची वस्ती आहे आणि दख्खनी लोणच्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. तिथे बगारे बैंगन आणि मिरची का सालन मिळते. बहादुराबाद भागातल्या चौकात चारमिनारची छोटी प्रतिकृती उभी आहे. माणसे घर उचलून नेऊ शकली नाहीत. त्यांनी घराची चव नेली आणि एक मनोरा पुन्हा बांधला.

एक गेला, एक राहिला

या शहराच्या दोन कवींची आयुष्ये शेजारी ठेवून पाहावीत. सिकंदर अली वज्द यांचा जन्म १९१४ चा, वैजापूरचा. अजिंठ्यावर त्यांनी लिहिलेली नज्म उर्दूत गाजली. ते न्यायाधीश झाले, राज्यसभेचे सदस्य झाले आणि अखेरपर्यंत इथलेच राहिले. हिमायत अली शायर यांचा जन्म १९२६ चा, औरंगाबादचा. ते १९५१ मध्ये कराचीला गेले. रेडिओवर काम केले, सिंध विद्यापीठात उर्दू शिकवली, पाकिस्तानी चित्रपटांसाठी गाणी लिहिली आणि १९६६ मध्ये ‘लोरी’ या चित्रपटाची निर्मितीही केली. २०१९ मध्ये ते टोरांटोत वारले. दोघांची भाषा एक, माती एक. एकाचा पत्ता मात्र दोनदा बदलला.

केवळ माणसेच नाहीत, एक संस्थाही अशीच दुभंगली. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चे सचिव मौलवी अब्दुल हक यांनी १९१३ पासून तिचा कारभार औरंगाबादेतून चालवला. ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ मध्ये इथूनच निघाले. १९३७ चा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोशही इथलाच. १९३८ मध्ये कचेरी दिल्लीला गेली. फाळणीनंतर मौलवीसाहेब कराचीला गेले आणि १९६१ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. संस्थेच्या दोन संस्था झाल्या, एक भारतात, एक पाकिस्तानात. नाव एकच, पूर्वज एकच, टपालाचे पत्ते वेगळे. भारतातल्या अंजुमनचे काम काझी अब्दुल गफ्फार यांनी सांभाळले. सुंदरलाल समितीत होते ते हेच काझीसाहेब.

मौलवी अब्दुल हक यांच्या ‘चंद हमअसर’ या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात एक नाव वाचून मराठी वाचक चमकेल. ते आहे नामदेव माळी. नामदेव हा बीबी का मकबऱ्याच्या बागेतला माळी, जातीने अस्पृश्य मानला गेलेला. त्याला मूलबाळ नव्हते, रोपांनाच तो लेकरांसारखे वाढवायचा. पाणीटंचाईत लांबून पाणी आणून त्याने झाडे जगवली. जडीबुटीची त्याला जाण होती, लहान मुलांवर औषधोपचारही करायचा. बागेत काम करत असतानाच मधमाश्यांनी हल्ला केला आणि त्यात तो गेला. बड्या विद्वानांच्या आणि नेत्यांच्या शेजारी मौलवीसाहेबांनी या माळ्याला मानाने बसवले. भारताबरोबर पाकिस्तानातल्या शाळकरी मुलांनीही उर्दूच्या पुस्तकात तो धडा वाचला आहे. आपल्या शहराच्या एका कष्टकरी माणसाला व्हिसा लागला नाही, इतकेच समाधान.

ही गोष्ट एकाच धर्माची नाही

सीमेपलीकडे नातलग असणे म्हणजे मुसलमानांचाच विषय, असा गैरसमज नको. जालना रस्त्यालगतच्या सिंधी कॉलनीतल्या जुन्या घरांमध्ये विचारावे. सिंध सोडून आलेल्या पिढीने मागे घर, दुकान आणि शेजारी ठेवले होते, कित्येकांनी माणसेही. त्यांना नवा प्रांत मिळाला नाही, मिळाल्या त्या छावण्या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, तेही त्यांच्याच कष्टाने. ‘गर्म हवा’तली हवेली जो व्यापारी घेतो, तोही सिंधमधून उखडून आलेलाच आहे. सथ्यू यांनी त्याला दुष्ट केले नाही, हे महत्त्वाचे.

मराठी माणसांचेही तसेच. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, त्यामुळे नोकरी-व्यवसायासाठी कराचीला गेलेली मराठी कुटुंबे बरीच होती. कराचीतल्या एका नामांकित जुन्या शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. १९४७ नंतर बहुतेक मराठी कुटुंबे मुंबई-पुण्याकडे आली, काही तिथेच राहिली. कराचीत मराठी घरांमधून आजही गणपती बसतो. त्यांच्या काका-मामांची मुले महाराष्ट्रात आहेत. गणपतीच्या दिवसांत त्यांनाही कुणाला तरी प्रसाद द्यायचा असतो आणि तो पोहोचत नाही.

रमजान ईदच्या शिरखुर्म्याचे आणि चतुर्थीच्या मोदकाचे दुःख इथे एकच होते.

दोन पासपोर्ट, एक दार

नातेवाइकांना भेटायला जाण्याची रीत मधल्या काळातही सोपी कधीच नव्हती. व्हिसासाठी दिल्ली गाठायची. हा व्हिसा देशाचा नसतो, शहरांचा असतो. ज्या शहरांची नावे त्यावर लिहिली आहेत तेवढ्याच ठिकाणी जाता येते. पोहोचल्यावर पोलिसांकडे नोंद, निघताना पुन्हा नोंद. मम्मोच्या घिरट्या ज्यांनी पडद्यावर पाहिल्या, त्यातल्या काहींनी त्या स्वतःही घातल्या होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी नवा व्हिसा करार केला. नातेवाइकांना पाच ठिकाणांपर्यंत जाण्याची मुभा, ६५ वर्षांवरच्या वृद्धांना अटारी-वाघा सीमेवर पोहोचल्यावर व्हिसा, अशा गोष्टी त्यात होत्या. वृद्धांच्या सवलतीची अंमलबजावणी लगेच रखडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये समझौता एक्स्प्रेस आणि थार एक्स्प्रेस दोन्ही बंद पडल्या.

मग २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसे मारली. साऱ्या देशाला चटका लागला. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, अटारीची चौकी बंद झाली. त्या शेवटच्या दिवसांत अटारीवर जे दिसले ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी पाहिले. आईचा पासपोर्ट भारताचा, मुलांचा पाकिस्तानचा. एका दाराशी येऊन आई थांबली आणि मुले पुढे गेली. मम्मोची गोष्ट १९९४ ची आहे, असे म्हणायची सोय तिथे उरली नाही.

देशाच्या सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांना कुठल्याही धर्मात जागा नाही आणि सीमेवर कडक तपासणी असावी, यावरही दुमत नसावे. पण तपासणी कडक असणे वेगळे आणि दारच नसणे वेगळे. बंदूक घेऊन येणारा अटारीच्या रांगेत अर्ज भरत उभा राहत नाही. त्या रांगेत उभी असते ती ७० वर्षांची बहीण. नाव, गाव, बापाचे नाव, कुणाकडे उतरणार, किती दिवस, सारे लिहून देणारी.

जगात याला दुसरे उदाहरण आहे. उत्तर आणि दक्षिण कोरिया यांच्यात १९५३ मध्ये युद्धबंदी झाली, शांततेचा करार आजवर झालेला नाही. तरीही २००० ते २०१८ या काळात दोन्ही सरकारांनी दुरावलेल्या कुटुंबांच्या भेटी अनेकदा घडवून आणल्या. मोजके वृद्ध, ठरलेली जागा, ठरलेले दिवस, कडक पहारा आणि भेट. त्याआधी १९८३ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारी दूरचित्रवाणीने युद्धात ताटातूट झालेल्यांना शोधणारा कार्यक्रम १३८ दिवस चालवला आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबे एकमेकांना सापडली. या भेटीही राजकारणामुळे वारंवार थांबल्या. पण वैर कायम ठेवूनही म्हाताऱ्यांना भेटू देता येते, हे तिथे सिद्ध झाले. करतारपूरचा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ ला उघडला, तेव्हा आपल्याकडेही ते दिसले होते. दर्शनाला आलेली भावंडे ७० वर्षांनी तिथे एकमेकांच्या गळ्यात पडली.

शेवटचा धागा घरातच तुटतो

सरकारे काय करतील, ते सरकारांच्या हाती. पण एक तोडणी अशी आहे, जी कुठलेही सरकार करत नाही. ती घरातच होते.

जुन्या शहरातल्या बऱ्याच घरांत एक पत्र्याची पेटी असते. तीत निकाहनामा, जमिनीचे फाटके कागद, एखाद-दुसरा फोटो आणि रबर बांधलेला पत्रांचा गठ्ठा. कराचीहून, लाहोरहून आलेली पत्रे. निळसर पातळ कागद, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेला, समासातही आडव्या ओळी. ती लिहिली आहेत उर्दू लिपीत, घसटत्या हातात. ज्यांना ती आली ते आता नाहीत, किंवा त्यांना दिसत नाही. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात दख्खनी बोलतात, कुराण अरबीत वाचतात, पण फूफीचे पत्र त्यांना वाचता येत नाही. पलीकडची नातवंडे हे अक्षर वाचू शकतात, पण औरंगपुरा कुठे आणि शहागंज कुठे हे त्यांना ठाऊक नाही. एकाकडे लिपी आहे, दुसऱ्याकडे गाव.

सीमेने नाते तोडायला सुरुवात केली, पण ते पुरते तुटते ते असे. आजी गेली की कराचीच्या फोनचे कारण संपते. मोबाइल बदलला की नंबर जातो. मग लग्नाच्या यादीतून नाव गळते आणि शेवटी मृत्यूची बातमी व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या गटात तीन दिवसांनी कळते. इन्ना लिल्लाही म्हणून माणूस पुढच्या मेसेजकडे वळतो, कारण गेलेला नेमका कोण होता, हे सांगणारे घरात कुणी उरलेले नसते. मम्मोचा मृत्यूचा दाखला खोटा होता. इथे मात्र दाखल्याशिवायच माणसे कायमची नाहीशी होतात.

सिला-रहमी व्हिसा मागत नाही, हे या महिन्यात ध्यानात घ्यायला हरकत नाही. ईदच्या आधीच्या साफसफाईत ती पेटी खाली उतरते. तेव्हा रबर जीर्ण झाला म्हणून गठ्ठा रद्दीत टाकण्याऐवजी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावे. तरावीहनंतर एक-एक पत्र वाचून घ्यावे आणि मोबाइलवर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. घरात कुणाला वाचता येत नसेल तर शहरात उर्दू शाळा आहेत, शिक्षक आहेत, महाविद्यालयांत उर्दू शिकणारी मुले आहेत. कुणीही आनंदाने वाचून देईल. एका वहीत मराठीत लिहून ठेवावे, कोण कुणाचा कोण, कधी गेला, कुठल्या मार्गाने गेला, पत्ता काय होता. सिंधी घरांत आणि कराचीहून आलेल्या मराठी घरांतही अशा पेट्या आहेत, अशी वही तिथेही सुरू होऊ शकते.

आणि पत्र नुसते वाचू नये. त्याचा फोटो काढून पलीकडच्या नातवंडांना पाठवावा. त्यांच्या दादीचे अक्षर त्यांनीही कदाचित कधी पाहिले नसेल. सोबत गल्लीचा, जुन्या दरवाजाचा, मकबऱ्याच्या बागेचा एखादा फोटो. खाली फक्त एवढे लिहावे, तुमची दादी इथे राहत होती, घर अजून आहे.